पॉनब्रोकर, द

नात्झी छळछावणीतून वाचलेल्या एका ज्यू माणसाच्या भावनिक एकाकीपणाचे चित्रण करणारा अमेरिकन कृष्णधवल चित्रपट. दिग्दर्शक सिडनी लूमेट. एडवर्ड लुईस वॉलंट यांच्या १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या कादंबरीवरून मॉर्टन फाइन व डेव्हिड फ्रीडकिन यांनी पटकथा लिहिली. चित्रपट जून १९६४ मध्ये बर्लिन महोत्सवात दाखविला गेला आणि अमेरिकेत एप्रिल १९६५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यामुळे संदर्भग्रंथांत त्याचे साल कधी १९६४, तर कधी १९६५ असे आढळते.

नायक सोल नाझरमन (रॉड स्टायगर) हा पूर्वाश्रमीचा प्राध्यापक. पत्नी व मुले छावणीत गमावल्यानंतर तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गहाणवटीची पेढी चालवितो आणि कोणाशीही जिव्हाळ्याचा संबंध येऊ देत नाही. धंदा शिकू पाहणारा मदतनीस हेसूस ओर्टिझ (हायमे सांचेझ) यालाही तो झिडकारतो. दुखावलेला ओर्टिझ दरोड्याच्या कटात सामील होतो. पण ऐन वेळी नाझरमनवर रोखलेली गोळी स्वतःवर घेऊन मरतो. कलादिग्दर्शक रिचर्ड सिल्बर्ट यांनी पेढीची रचना जाळ्या, गज व कुलपे यांनी केली आहे. बोरिस काउफमन यांच्या छायाचित्रणात या जाळ्यांच्या सावल्या नायकाच्या अंगावर पडत राहतात आणि मोकळा असूनही तो कोंडलेलाच दिसतो.

नात्झींनी केलेल्या ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेल्या माणसाच्या मनाचा वेध घेणारा हा पहिला अमेरिकन चित्रपट होय, असे अनेकदा म्हटले जाते. तथापि एडवर्ड डमिट्रिक यांच्या ‘द जगलर’ (१९५३) या चित्रपटाचा नायकही कुटुंब गमावलेला, मनाने खचलेला ज्यूच होता. त्यामुळे पहिलेपणाचा मान निर्विवाद नाही. स्मृती ज्या रीतीने पडद्यावर आणली गेली, त्या रीतीत या चित्रपटाचे वेगळेपण शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

ही रीत म्हणजे क्षणार्धात चमकून जाणारी भूतकाळाची दृश्ये, अर्थात फ्लॅश कट. तिच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने यांच्या ‘हिरोशिमा मोनामूर’ (१९५९) या चित्रपटाचा प्रभाव बहुतेक अभ्यासक मानतात. लूमेट यांनी मात्र आपल्या लेखनात स्वानुभवाचा दाखला दिला आहे : नकोशी आठवण आधी तुकड्यातुकड्यांनी येते, दाबली तरी लांबत जाते आणि अखेरीस मनाचा ताबा घेते. कादंबरीत छावणीचा भूतकाळ प्रामुख्याने दुःस्वप्नांतून येतो. चित्रपटाने तो जागेपणी, भर रस्त्यात आणला. रेने यांचे ऋण मान्य करूनही हा बदल लक्षात घेतल्यास तंत्र केवळ उसने होते, असे म्हणता येत नाही. तीन चौकटींपेक्षा (फ्रेम) कमी काळ दिसलेले दृश्य मेंदूला आकळत नाही, असा तेव्हा समज होता. लूमेट व संकलक राल्फ रोझेनब्लम यांनी सुरुवातीस चार चौकटींचे, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागाचे तुकडे वापरले आणि प्रेक्षकांची नजर सरावल्यावर ते दोन चौकटींपर्यंत खाली आणले. गल्लीतील मारहाण व कुत्र्याचे भुंकणे ऐकून छावणीचे कुंपण आठवते. भुयारी रेल्वेचा डबा पाहता पाहता कैद्यांनी खच्चून भरलेला डबा होतो.

अशाच एका स्मृतीमुळे अभ्यवेक्षणाचा (सेन्सॉरशिप) वाद उद्भवला. ओर्टिझची प्रेयसी पैशासाठी नाझरमनसमोर वक्ष अनावृत करते आणि त्याला छावणीतील अधिकाऱ्यांपुढे विवस्त्र केलेली पत्नी दिसते. अमेरिकन चित्रपटसंघटनेच्या निर्मितिसंहितेनुसार अशा दृश्यांना मनाई असल्याने प्रथम परवानगी नाकारण्यात आली. मार्च १९६५ मध्ये अपील मंडळाने हा विशेष अपवाद मानून ती दिली. चित्रपटांची नैतिक पारख करणाऱ्या ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ या कॅथलिक संघटनेने मात्र चित्रपट निषिद्ध ठरविला. अपवाद एकदाच करावयाचा होता, परंतु संहिता त्यानंतर फार काळ टिकली नाही. १९६८ मध्ये तिची जागा चित्रपटांच्या प्रेक्षकयोग्यतेनुसार वर्गवारी करण्याच्या पद्धतीने घेतली.

हार्लेममधील दैन्य व नात्झी छावणी यांची सांगड घालणे अतिव्याप्त असल्याचा आक्षेप काही समीक्षकांनी घेतला आहे. ओर्टिझचे ‘हेसूस’ हे नाव, त्याचा मृत्यू आणि त्यानंतर नाझरमनने पावत्या टोचण्याच्या सळईत स्वतःचा तळवा खुपसणे यांतून येणारी ख्रिस्ती प्रतीकेही ज्यू नायकाच्या कथेत अनेकांना खटकतात, आणि हा आक्षेप सहज बाजूला सारता येण्याजोगा नाही. मृत ओर्टिझजवळ नाझरमनच्या तोंडून निघणारी निःशब्द किंकाळी मात्र सर्वत्र वाखाणली गेली. तिच्यामागे पिकासोच्या ‘गेर्निका’ या चित्राची प्रेरणा असल्याचे स्टायगर यांनी सांगितले होते.

स्टायगर यांना बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे रौप्य अस्वल मिळाले व ऑस्करसाठी नामांकनही लाभले. संगीत क्विन्सी जोन्स यांचे आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाचा समावेश करण्यात आला.