नोंदणी वेगळी, परवाना वेगळा. बेळगावात मात्र दोन्ही 'लायसन'च

कंत्राटदाराच्या हातात कुठलाही सरकारी कागद दिसला की आपल्याकडे त्याचं नाव ठरलेलं: लायसन. वडगावात, येळ्ळूरच्या वाटेवर, बांधकाम चालू असलेल्या घरासमोर फळी लागलेली असते, 'गव्हर्नमेंट अप्रूव्हड क्लास वन कॉन्ट्रॅक्टर'. ती वाचली की माझं डोकं फिरतं. घरमालक मात्र खूश.

क्लास वन हा कर्नाटकच्या लोकोपयोगी इलाख्याच्या, म्हणजे आपल्या भाषेत पीडब्ल्यूडीच्या, नोंदणीतला वर्ग. असे वर्ग एक ते चार. वर्ग वरचा तसं मोठ्या रकमेच्या टेंडरला हात घालता येतो. इथे सरकार म्हणजे गिऱ्हाईक. १९९९ च्या पारदर्शकता कायद्याखाली ते टेंडर काढतं आणि आपल्या कामाला कोण चालेल याची यादी आधीच करून ठेवतं. नोंदणी म्हणजे त्या यादीतलं नाव. तुमच्या दोन मजली घराशी तिचा संबंध नाही. खाजगी घर बांधणाऱ्या गवंड्याकडे, मेस्त्रीकडे ती नसली तरी तो काही बेकायदा ठरत नाही. आणि ती आहे म्हणून तुमचा स्लॅब गळणार नाही, असंही कुणी लिहून दिलेलं नाही.

परवान्याची तऱ्हाच निराळी. गिऱ्हाईक सरकार असो की तुमची आजी, परवान्याशिवाय ते काम अंगावर घ्यायचंच नाही, असा त्याचा अर्थ. बांधकामाच्या साइटवर याचं धडधडीत उदाहरण म्हणजे विजेचं काम. राज्याचं विद्युत निरीक्षणालय विजेच्या कंत्राटदाराला परवाना देतं, आणि वायरिंग तपासल्याचा त्याच्या सहीचा रिपोर्ट जोडल्याशिवाय हेस्कॉम, म्हणजे आपली वीज कंपनी, मीटर देत नाही. (वायरमनचं परमिट आणखी वेगळं: ते माणसाचं, कंत्राटदाराचा परवाना धंद्याचा.)

आमच्या एका नातेवाइकाचं मीटर वास्तुशांतीच्या तोंडावर अडकलं. घर बांधणारा छाती ठोकून सांगत होता, "काका, माझं क्लास वन लायसन आहे, मीच सही करतो की!" सही केली, अर्ज परत आला. मग धावाधाव करून परवानावाला शोधला. त्याने आल्या आल्या सही केली नाही, बरं झालं. मेगर, म्हणजे वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला, बोर्ड एकेक करून उघडले. फ्रिजच्या पॉइंटला अर्थची हिरवी वायर बाहेरून व्यवस्थित दिसत होती. आत तिचं टोक नुसतंच दुमडून ठेवलेलं, कशालाच जोडलेलं नाही.

म्हणून कुणी लायसन दाखवलं की मी एकच विचारतो: हा कागद नसताना तू माझ्या घरात हे काम केलंस तर कायदा मोडतो का? मोडत असेल तर परवाना. नसेल तर नोंदणी, आणि तिचा उपयोग तुला, मला नाही.

बाकीचे घोळ किरकोळ. घराच्या नकाशावर सही लागते ती आर्किटेक्टची किंवा महापालिकेकडे नोंद असलेल्या इंजिनिअरची. पीडब्ल्यूडीचा वर्ग तिथे कामाचा नाही. महाराष्ट्राच्या बांधकाम खात्यातली नोंदणी शिनोळीची हद्द ओलांडली की आपोआप चालत नाही. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या माणसाला कर्नाटकातल्या खानापुरात सरकारी काम हवं असेल तर टेंडरच्या अटीत परराज्याची नोंदणी चालते का, हे आधी वाचावं. भाषा मराठी असली म्हणून यादी एक होत नाही.

डिप्लोमा करून आलेली पोरं विचारतात, "सर, आधी लायसन काढू की काम धरू?" सरकारी रस्ते, गटारं, शाळाखोल्या करायच्या असतील तर खालच्या वर्गापासून नोंदणी जरूर करा. लोकांची घरंच बांधायची असतील तर तिच्यापायी वर्ष घालवू नका. त्या वर्षात एखाद्या चांगल्या मेस्त्रीच्या हाताखाली सेंटरिंग आणि क्युरिंग शिका.

मी स्वतः फळीवर जात नाही. कंत्राटदाराला दोन पावसाळ्यांपूर्वी बांधलेलं घर दाखव म्हणतो, वरच्या बाथरूमच्या खालच्या खोलीत जाऊन छताला ओल आलीय का बघतो, आणि निघताना घरमालकिणीला विचारतो, मीटर कुणाच्या सहीवर आलं.