बोलोन्याचा कवडसा आणि केप्लरचे गणित

गॅलिलिओचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते: चर्च म्हणजे विज्ञानाचा शत्रू. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडल्याबद्दल गॅलिलिओला 1633 मध्ये शिक्षा झाली, त्यात शंका नाही. पण त्यानंतर अवघ्या 22 वर्षांनी, पोपच्या राज्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात, भर चौकातल्या चर्चच्या फरशीवर केप्लरच्या, म्हणजे ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा मांडणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाच्या, बाजूने कौल देणारे मोजमाप झाले. त्यासाठी चर्च नुसती जागा म्हणून वापरले नव्हते. ती इमारतच उपकरण होती.

शहर इटलीतले बोलोन्या, चर्च सान पेत्रोनियोचे. पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकाच्या दक्षिण अंगाला ते उभे आहे. 1390 मध्ये पायाभरणी झाली ती बिशपच्या हुकमाने नव्हे, नगरपालिकेच्या निर्णयाने. बिशपचे कॅथेड्रल वेगळे, सान पिएत्रोचे. सान पेत्रोनियो हे शहराने स्वतःसाठी, आपल्या संरक्षक संताच्या नावाने बांधलेले. लांबी सुमारे 132 मीटर. दर्शनी भिंतीचा खालचा भाग संगमरवरी आणि वरचा नुसत्या विटांचा, कारण काम पुरे झालेच नाही. 1530 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सचा राज्याभिषेक इथे झाला. मालकी 1929 पर्यंत शहराकडे होती आणि विधिपूर्वक प्रतिष्ठापना व्हायला 1954 साल उजाडले. असल्या इमारतीच्या छताला भोक पाडायचे तर विचारायचे शहराच्या कारभाऱ्यांना, हे लक्षात ठेवा.

भोक कशासाठी? ईस्टर या ख्रिस्ती सणाची तारीख ठरवण्यासाठी. 21 मार्चच्या विषुवदिनानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. जुन्या ज्युलियन पंचांगाचे वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटांनी मोठे होते. शतकानुशतके ही मिनिटे साचली आणि सोळाव्या शतकात वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला विषुवदिन, 11 मार्चवर घसरला. 1582 मध्ये दहा दिवस गाळून नवे पंचांग लागू झाले. त्या सुधारणेच्या कामात असलेल्या एग्नाझियो दांती या डोमिनिकन साधूने त्याआधीच, 1570 च्या दशकात, सान पेत्रोनियोत सूर्य मोजण्यासाठी एक रेषा आखली होती. पुढे चर्च वाढवताना तिच्या छिद्राची भिंतच पाडली गेली. तेव्हा विद्यापीठातला तरुण खगोलशास्त्राचा प्राध्यापक जोवान्नी दोमेनिको कासिनी पुढे आला. त्याने आधीपेक्षा मोठी आणि अचूक रेषा आखायची परवानगी मिळवली आणि 1655 मध्ये ती पुरी केली. शनीच्या कड्यांमधली फट ज्याच्या नावाने ओळखतात, तोच हा कासिनी.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे. आंब्याच्या झाडाखाली किंवा कौलारू घरात जमिनीवर कवडसे पडतात. पानांमधल्या किंवा कौलांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी कवडसे गोलच दिसतात, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. शाळेत केलेला सूचीछिद्र कॅमेरा हाच. छिद्र जितके उंच, तितकी प्रतिमा मोठी. कासिनीने छिद्र ठेवले जमिनीपासून 27.07 मीटर उंचीवर, आणि त्याचा व्यास ठेवला उंचीच्या बरोबर हजाराव्या भागाइतका, सुमारे 27 मिलिमीटर. फरशीवर उत्तर-दक्षिण अशी याम्योत्तर रेषा आखली, सुमारे 67 मीटर लांब. चर्चचा अक्ष उत्तर-दक्षिण नाही, त्यामुळे रेषा खांबांवर आदळणार असे अनेकांना वाटत होते. ती खांबांना जेमतेम चुकवत तिरकी गेली.

रोज खऱ्या मध्यान्ही सूर्याचा कवडसा ही रेषा ओलांडतो. 21 जूनच्या सुमारास सूर्य डोक्यावरून 21 अंश ढळलेला असतो. कवडसा छिद्राच्या खालच्या बिंदूपासून साडेदहा मीटरवर पडतो, साधारण पाऊण हात रुंद. 21-22 डिसेंबरला सूर्य 68 अंश ढळतो, कवडसा पार टोकाला जातो आणि दीड मीटरहून लांब लंबवर्तुळ होतो. यावरून विषुवदिन, अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) आणि क्रांतिवृत्ताचा, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गाचा, कल मोजता येतो. ईस्टरवाल्यांचे काम इथे झाले.

कासिनीला मात्र आणखी काही हवे होते. सूर्य आकाशात एकाच वेगाने सरकत नाही, हे आपले पंचांगकर्तेही जाणतात. मिथुन राशीतून जायला त्याला सुमारे साडेएकतीस दिवस लागतात, धनूतून मात्र तो साडेएकोणतीसच्या आत निघतो. रोजची रविगती जानेवारीच्या आरंभी सुमारे 61 कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), जुलैच्या आरंभी 57. सात टक्क्यांचा फरक. का?

प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या परंपरेचे उत्तर: सूर्याचा वेग एकसारखाच आहे, फक्त आपण वर्तुळाच्या केंद्रापासून बाजूला आहोत. जवळचा सूर्य वेगवान भासतो, लांबचा मंद. तसे असेल तर जवळ आल्यावर तो त्याच प्रमाणात मोठाही दिसला पाहिजे, म्हणजे त्याच्या बिंबाच्या कोनीय व्यासातही सात टक्के फरक हवा. केप्लरचे उत्तर वेगळे: जवळ असताना वेग खरोखरच वाढतो. फरकाचा निम्मा वाटा अंतराचा, निम्मा खऱ्या वेगवाढीचा. (क्षेत्रीय वेगाचा नियम आठवा: कोनीय गती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, आणि सर्वांत लांबच्या व सर्वांत जवळच्या अंतराचे गुणोत्तर 1.034, त्याचा वर्ग 1.069.) मग बिंबाच्या व्यासात फरक फक्त साडेतीन टक्के पडेल.

बिंबाचा सरासरी व्यास 32 कला. केप्लरप्रमाणे तो 31.5 ते 32.5 च्या दरम्यान हलेल, टॉलेमीप्रमाणे साधारण 31 ते 33. म्हणजे उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात दोघांच्या अपेक्षेत फरक जेमतेम अर्ध्या कलेचा. टेबलावरच्या उपकरणात तो दिसणार नाही. पण जूनमध्ये छिद्रापासून कवडशापर्यंतचे तिरके अंतर 29 मीटर असते, तिथे अर्धी कला म्हणजे चार-पाच मिलिमीटर. डिसेंबरमध्ये अंतर 72 मीटर होते आणि फरक सेंटिमीटरच्या वर जातो. कवडशाच्या कडा धूसर असतात आणि छिद्राची स्वतःची रुंदी वजा करावी लागते, तरी एवढा फरक पकडता येतो. चर्च लागले ते यासाठी: उंच, अंधारे आणि जड पायावर स्थिर उभे. कासिनीची मोजमापे केप्लरच्या बाजूने पडली.

अर्थात, ‘चर्चमध्येच कोपर्निकस सिद्ध झाला’, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याचे मत सिद्ध झाले, असेही कुणी पसरवू नये. बिंबाचा व्यास फक्त अंतर कसे बदलते ते सांगतो. कोण कुणाभोवती फिरते, हे त्यातून कळत नाही. पृथ्वी स्थिर धरून सूर्याला लंबवर्तुळावर फिरवले तरी आकडे तेच येतात. म्हणूनच हे मोजमाप कुणाला अडचणीत न आणता छापता आले असावे, असे मला वाटते.

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव आठवला असेल. मावळतीची किरणे नोव्हेंबरच्या 9 ते 11 तारखांना आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारीला देवीपर्यंत पोहोचतात. या तारखा 21 डिसेंबरपासून दोन्ही बाजूंना साधारण सारख्याच अंतरावर आहेत, कारण त्या दिवसांत सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, तीच असते. बांधणाऱ्यांनी दिशा नेमकी साधली, तिचे कौतुक करावे. किरणे पोहोचली नाहीत तर ढग, धूळ किंवा वाटेतली बांधकामे पाहावीत, कोप शोधू नये. आणि मोजपट्टीसह भोक हवे असेल तर जयपूरला जा. तिथल्या जंतरमंतरमधले षष्ठांश यंत्र हे अंधाऱ्या खोलीतले सूचीछिद्रच आहे. सूर्याची प्रतिमा खुणा केलेल्या कमानीवर पडते आणि मध्यान्हीचा कोन थेट वाचता येतो.

बोलोन्याची रेषा पुढे देखभाल मागत राहिली. 1695 मध्ये कासिनीने स्वतः परत येऊन ती तपासली आणि 1776 मध्ये एउस्ताकियो झानोत्तीने जुन्या लोखंडी पट्टीच्या जागी पितळी बसवली.

ती आजही पाहता येते. बोलोन्याचे मध्यान्ह तिथल्या घड्याळातल्या बाराला क्वचितच जुळते. उन्हाळी वेळ चालू असताना जूनमध्ये ते सव्वा वाजण्याच्या सुमारास येते. दहा मिनिटे आधी जा. आकाश निरभ्र असेल तर कवडसा पश्चिमेकडून रेषेकडे येत असतो, जूनमध्ये सेकंदाला सुमारे दोन मिलिमीटर आणि डिसेंबरमध्ये त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने. रेषा ओलांडायला त्याला जेमतेम सव्वादोन मिनिटे लागतात.