दिसू नये असा दिवा

पहिला प्रोजेक्टर घरी आणला तेव्हा तो कुठे ठेवायचा यावर दोन दिवस खल झाला आणि एकमत झालं ते एकाच गोष्टीवर: तो दिसता कामा नये. टीव्हीचा काळा आयत भिंतीवरून उतरवला होता, तो काय दुसरं खोकं डोळ्यांसमोर आणून ठेवण्यासाठी? मग मी सोफ्यामागच्या लाकडी कपाटात त्याची सोय केली, दाराला लेन्सपुरतं गोल भोक पाडून घेतलं आणि स्वतःवर खूश होत सिनेमा लावला. विसाव्या मिनिटाला कपाटातून घरघर ऐकू येऊ लागली. मग तापलेल्या धुळीचा वास आला. आणि नायिकेचं वाक्य अर्ध्यावर असताना चित्र गेलं. दार उघडलं तर भट्टीचं झाकण काढावं तशी हवा तोंडावर आली.

चूक माझीच होती, आणि हिशेब मांडून पाहिला तेव्हा ती किती ढोबळ होती ते कळलं. तो प्रोजेक्टर साधारण १५० वॅट वीज खात होता. त्यातून बाहेर पडणारा २००० ल्युमेन (डोळ्याला जाणवणाऱ्या प्रकाशाचं माप) पांढरा प्रकाश ऊर्जेच्या भाषेत मोजला तर जेमतेम सात वॅटच्या आसपास भरतो. उरलेले १४० वॅट निव्वळ उष्णता. माझा खण मीटरभर रुंद, ४० सेंटिमीटर उंच आणि तितकाच खोल, म्हणजे आत १६० लिटर हवा. तिचं वजन २०० ग्रॅमही नाही. एवढी हवा एक अंशाने तापवायला दोनशे ज्यूलही लागत नाहीत, आणि प्रोजेक्टर दर सेकंदाला १४० ज्यूल देत होता. लाकडाने उष्णता शोषली, फटींतून थोडी निसटली, म्हणून वीस मिनिटं तरी मिळाली.

तेव्हापासून कुणी ‘दिवाणखान्यात खपून जाईल असा प्रोजेक्टर सुचवा’ म्हटलं की मी आधी हवा कुठून येणार आणि कुठून जाणार ते विचारतो. प्रोजेक्टर हा शेवटी एक दिवा आहे, आणि दिवा लपवायचा म्हणजे काहीतरी किंमत मोजावी लागणारच. ती नेमकी कोणती मोजायची आपली तयारी आहे, एवढंच ठरवायचं.

बहुतेक जण यावर सोपा उपाय काढतात: छोटासाच घेऊ. मूर्ती लहान, कीर्ती महान. पण इथे भौतिकशास्त्र दोन ठिकाणी आडवं येतं. एक म्हणजे पंखा. एकाच घडणीच्या पंख्याचा व्यास निम्मा केला, तर तेवढीच हवा ढकलायला त्याला आठपट वेगाने फिरावं लागतं. पंख्याचा वेग नुसता दुप्पट केला तरी आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो, आणि १० डेसिबलची वाढ कानाला दुप्पट वाटते. म्हणून तळहातावर मावणारा प्रोजेक्टर दोनपैकी एक करतो: किणकिणत्या सुरात ओरडतो, किंवा मुळातच कमी प्रकाश देतो.

दुसरी अडचण जास्त गमतीची आहे. प्रोजेक्टरमधला सगळा प्रकाश चित्र घडवणाऱ्या नखाएवढ्या चिपवरून काढावा लागतो. पाणी नरसाळ्याने बारीक तोंडातून काढता येतं, प्रकाशाला तसं नरसाळं नाही. प्रकाश देणाऱ्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ आणि तो प्रकाश किती रुंद कोनात पसरतो, या दोहोंचा गुणाकार कुठल्याही भिंगाने किंवा आरशाने कमी करता येत नाही. क्षेत्रफळ आवळलं की कोन पसरतो. त्यामुळे एलईडी मोठा करत नेला तरी एका मर्यादेनंतर वाढलेला प्रकाश त्या चिमुकल्या चिपमध्ये मावतच नाही, कडांवर वाया जातो आणि उष्णता होऊन बसतो. लेझरचा किरण मुळातच अरुंद असतो, म्हणून लहान पेटीतून भरपूर उजेड हवा असेल तर तिथे लेझर लागतो. पूर्वी याच जागी पाऱ्याच्या वाफेचा दिवा असे. तो तीन ते पाच हजार तासांत बदलावा लागे. लेझरची चमक निम्म्यावर यायला साधारण वीस हजार तास लागतात. जी वस्तू एकदा कोपऱ्यात दडवून विसरून जायची आहे, तिच्यासाठी हा फरक मोठा आहे.

ल्युमेनचे आकडे वाचताना मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावेत. ॲन्सी ल्युमेन किंवा आयएसओ २१११८ (दोन्ही मोजणीची ठरलेली मानकं) असं लिहिलेलं असेल, तर पांढऱ्या चित्रावर नऊ ठिकाणी मोजून सरासरी काढलेली असते. ‘एलईडी ल्युमेन’ किंवा नुसतं ‘ब्राइटनेस’ असं लिहून पुढे भरघोस आकडा असेल, तर तो सोडून द्यावा. भडक, शुद्ध रंग डोळ्याला मोजमापापेक्षा जास्त उजळ भासतात हे खरं आहे. हेल्महोल्ट्झ-कोलरॉश परिणाम म्हणतात त्याला. पण त्या भासाला ल्युमेन म्हणून विकणं म्हणजे मापात पाप.

आता खरा मुद्दा. प्रोजेक्टर काळा रंग दाखवू शकत नाही. काळा प्रकाश नावाची गोष्टच नाही. जिथे काळं दिसायला हवं तिथे तो फक्त प्रकाश टाकायचं जवळजवळ थांबवतो आणि मग जे दिसतं ती आपली भिंत असते, खोलीत जेवढा उजेड असेल तेवढ्या उजेडात. दुपारी तोच भाग दुधाळ पांढरा असतो. रात्री दिवे मालवले की तो डोळ्याला काळा वाटतो, कारण शेजारचं चित्र उजळ असतं आणि मेंदू रंग नेहमी शेजारच्या तुलनेत वाचतो. एमआयटीतल्या एडवर्ड एडल्सन यांनी १९९५ मध्ये एका बुद्धिबळासारख्या पटाच्या चित्रातून हे झकास दाखवलं: सावलीतला ‘पांढरा’ चौकोन आणि उजेडातला ‘काळा’ चौकोन छापील शाईत अगदी एकाच करड्या छटेचे आहेत, पण सांगूनही पटत नाही. प्रोजेक्टरचा सगळा संसार या फसगतीवर चालतो.

आकड्यांत पाहू. १०० इंची रुंदट चित्र म्हणजे २२१ सेंटिमीटर रुंद आणि साधारण १२५ सेंटिमीटर उंच, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. २००० ल्युमेन त्यावर पसरले की सव्वासातशे लक्स पडतात (लक्स म्हणजे दर चौरस मीटरला पडणारे ल्युमेन). खोलीतल्या दिव्यांचे ५० लक्स भिंतीवर पडत असतील, तर पांढऱ्या भागावर ७७५ आणि ‘काळ्या’ भागावर ५०. गुणोत्तर झालं साडेपंधरा. खोक्यावर दहा लाखास एक असा कॉन्ट्रास्ट, म्हणजे हेच पांढऱ्या-काळ्याचं गुणोत्तर, छापलेला असला तरी घरात मिळतो तो पंधरास एक. तोच दिवा मंद करून ५ लक्सवर आणला, तर गुणोत्तर दीडशेच्या घरात जातं. प्रोजेक्टर तोच, भिंत तीच. फक्त एक बटण फिरवलं. उलट १५० लक्स असतील तर सहासुद्धा उरत नाही, आणि रात्रीच्या प्रसंगात कोण कुणाला मारतंय ते ओळखायची सोय राहत नाही.

म्हणून खरेदीआधी संध्याकाळी नेहमीचे दिवे लावून, जिथे चित्र यायचं त्या भिंतीवर किती लक्स पडतात ते पाहावं. फोनमधल्या प्रकाशमापक ॲपने अंदाज येतो. मग एकेक दिवा बंद करत जावं. सहसा एखादा छतातला दिवाच सगळा घोळ करत असतो आणि कोपऱ्यातला उभा दिवा निरुपद्रवी निघतो. चित्राचा आकार ठरवतानाही हेच लक्षात ठेवावं: कर्ण दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं आणि उजेड पाव उरतो.

इथे सजावट आणि विज्ञान चक्क एका बाजूला येतात. चित्राचा प्रकाश समोरच्या भिंतीवरून, पांढऱ्या छतावरून, चकचकीत फरशीवरून उसळून परत पडद्यावर येतो आणि काळा आणखी करडा करतो. गडद मॅट रंग, जाड पडदे, गालिचा, पुस्तकांनी भरलेलं कपाट हे सगळं त्या भरकटलेल्या प्रकाशाला गिळतं, वर आवाजाचे प्रतिध्वनीही दाबतं. चित्राच्या भिंतीला मात्र चमकदार रंग नको. मधोमध एक तेजाळ डाग दिसत राहतो.

जागेचा हिशेब एका गुणोत्तरावर चालतो: लेन्सपासून भिंतीचं अंतर भागिले चित्राची रुंदी. याला थ्रो रेशो म्हणतात. नेहमीच्या प्रोजेक्टरचा तो १.२ ते १.५ असतो, म्हणजे १०० इंची चित्राला अडीच ते साडेतीन मीटरच्या दरम्यान अंतर हवं. तेवढ्यात माणसं बसतात, उठतात आणि सावल्या पाडतात. यावर तोडगा म्हणून भिंतीलगत बसणारे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर निघाले. त्यांच्या पोटात भिंगांपुढे एक वक्र आरसा असतो, तो चित्र जवळजवळ सरळ वर फेकतो. गुणोत्तर ०.२५ असेल तर ५५ सेंटिमीटर अंतर पुरतं. लांबट, कापडाने मढवलेली पेटी टीव्ही युनिटवर ठेवली की पाहुण्याला स्पीकर वाटतो. लपवण्याच्या दृष्टीने याहून सुबक काही नाही.

पण दुकानातल्या फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी आहेत. ते ५५ सेंटिमीटर आरशापासून मोजायचे असतात आणि आरसा बहुधा पेटीच्या प्रेक्षकांकडच्या बाजूला असतो. ४० सेंटिमीटर खोल युनिट भिंतीला चिकटवून ठेवलं तर पेटी पुढे लोंबकळते. युनिटच पुढे ओढावं लागतं. चित्राची खालची कड पेटीच्या बरीच वर येते, म्हणून युनिट बुटकं हवं. शिवाय पेटी १ सेंटिमीटर मागेपुढे झाली की चित्राची रुंदी ४ सेंटिमीटरने बदलते. झाडझूड करताना धक्का लागला की झालं.

भिंतीचं काय, ते टॉर्चने कळतं. रात्री खोली अंधारी करा, टॉर्च भिंतीच्या पायथ्याशी जवळजवळ टेकवून प्रकाश वर सोडा. मी हे केलं तेव्हा ज्या भिंतीला मी आयुष्यभर सपाट समजत होतो, तिथे डोंगरदऱ्या उगवल्या. गवंड्याच्या थापीचे अर्धगोल फटकारे, रंगाखाली गोठलेला एक ब्रशचा केस, आणि जवळजवळ मधोमध जुना खिळा काढून लांबी भरलेला खड्डा, ज्याची सावली बोटभर लांब. चंद्रावरची विवरं पौर्णिमेला नीट दिसत नाहीत, अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर उठून दिसतात, त्याचं कारण हेच: तिरपा प्रकाश. अल्ट्रा शॉर्ट थ्रोचा प्रकाश वरच्या कडेशी इतका तिरपा येतो की १ मिलिमीटरचा उंचवटा चित्राला सुमारे ३ मिलिमीटर सरकवतो. सरळ रेषा लाटांसारख्या दिसतात. म्हणून त्याच्यासोबत ताठ चौकटीचा पडदा घ्यावा लागतो.

त्यासाठीच बनवलेल्या पडद्याची रचना मला प्रोजेक्टरपेक्षाही आवडते. खिडकीच्या झडपांसारख्या अतिसूक्ष्म आडव्या धारा त्यावर असतात: प्रत्येक धारेची खालची बाजू उजळ, वरची काळी. खालून आलेला प्रोजेक्टरचा प्रकाश प्रेक्षकांकडे परततो, छतातल्या दिव्याचा प्रकाश काळ्या बाजूवर पडून विरतो. मघाच्या ५० लक्सच्या पाच हिश्श्यांपैकी चार असे अडले, तर साडेपंधराचं गुणोत्तर सत्तरच्या वर जातं. फक्त मग भिंतीवर कायमचा करडा आयत राहतो, म्हणजे टीव्ही काढून मिळवलेली मोकळी भिंत गेली. गुंडाळता येणारे पडदे मिळतात, पण ते पुरेसे ताणलेले नसतील तर पुन्हा लाटा. लहान मुलं असतील तर आणखी एक पाहावं: त्या उघड्या आरशात कुणी वाकून डोकावलं की प्रकाश आपोआप मंद करणारा सेन्सर आहे ना.

छताला टांगायचा पर्याय दिसायला ठीक, पण वायर लपवायला भिंत फोडावी लागते आणि साधी धूळ पुसायलाही शिडी.

मी शेवटी जे केलं ते जुन्या वळणाचं आहे: नेहमीचा लेझर प्रोजेक्टर, सोफ्यामागच्या उघड्या फळीवर, पुस्तकांच्या रांगेत. दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी. यात एकच अट मी सोडली नसती, ती लेन्स शिफ्टची. फळी कधीच चित्राच्या बरोबर समोर नसते. प्रोजेक्टर कलता ठेवून कीस्टोन नावाच्या दुरुस्तीने चित्र चौकोनी करता येतं, पण ती दुरुस्ती चिपवरचे कडेचे पिक्सेल वापरातून काढून केलेली असते. तपशील कमी होतोच, वर त्या रिकाम्या कडांतून झिरपणारा करडा उजेड चित्राभोवती वाकडी चौकट काढतो. लेन्स शिफ्टमध्ये भिंगच सरकतं आणि एकही पिक्सेल वाया जात नाही.

एक चाचणी दुकानातच करावी. अनेक घरगुती प्रोजेक्टरांत डीएलपी चिप असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेली ही चिप म्हणजे केसाहून कितीतरी बारीक, सेकंदाला हजारो वेळा कलणाऱ्या लाखो आरशांची पलटण. या कामासाठी त्यांना २०१५ मध्ये ऑस्करही मिळालं. एकच चिप असली की लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक दाखवले जातात आणि मिसळण्याचं काम आपला डोळा करतो. काहींच्या डोळ्यांना ते नीट जमत नाही. काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांवरून नजर झपकन डावीउजवीकडे न्या. इंद्रधनुष्याचा फटकारा दिसला, तर आपल्यासाठी तिन्ही रंग एकाच वेळी दाखवणारा तीन पॅनेलचा एलसीडी प्रोजेक्टर बरा. घरातल्या प्रत्येकाने हे करून पाहावं, कारण मला काहीच दिसत नाही आणि बायकोला पहिल्या मिनिटात दिसलं.

आता आमच्याकडे येणाऱ्यांना पुस्तकांच्या रांगेतली ती राखाडी पेटी पुस्तकाच्या खोक्यासारखी वाटते. प्रकाश समोरून येत असल्याने भिंतीवरचा खिळ्याचा खड्डाही दिसत नाही. चित्राच्या मधोमध, जरासा डावीकडे. मी मात्र अजूनही शोधतो.