घरातील सायकल साठवण

घरातील सायकल साठवण : वेगळे गॅरेज किंवा अंगण नसलेल्या घरात सायकल चोरी, गंज, पडणे आणि आग यांपासून सांभाळणे आणि तरीही ती चटकन बाहेर काढता येईल अशी ठेवणे. जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये ‘रोव्हर’ सायकल आणली. जवळजवळ सारख्या आकाराची दोन चाके आणि चेनने फिरणारे मागचे चाक ही तिची घडण आजही कायम आहे. घरे आखडली, पण सायकलीची लांबी जवळपास तेवढीच राहिली.

मोठ्या माणसाची सायकल साधारण १७० ते १८० सेंमी. लांब आणि १०० ते ११० सेंमी. उंच असते. फसगत होते ती रुंदीत. नुसता सांगाडा आणि चाके पाहिली तर सायकल जेमतेम १५ सेंमी. जाड भरते. हँडल मात्र शर्यतीच्या सायकलीला ४० ते ४४, शहरी सायकलीला ६० च्या आसपास, तर डोंगरी सायकलीला ७५ ते ८० सेंमी. पसरलेले असते. पेडलही दोन्ही बाजूंना बाहेर येतात. खरी जागा खातात ती ही दोनच अंगे, म्हणून स्टँड किंवा हूक विकत घेण्याआधी त्यांचाच विचार करावा.

सपाट हँडल असेल तर ते काटकोनात वळवून सांगाड्याला समांतर करता येते. नव्या धाटणीच्या सायकलींत हँडलच्या मानेला, म्हणजे हँडल पुढच्या काट्याशी जोडणाऱ्या भागाला, बाजूने दोन बोल्ट असतात. ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) तेवढेच सैल करावेत, वरच्या टोपणाचा बोल्ट हलवू नये. ब्रेकच्या तारा ताणल्या जात नाहीत ना, हे पाहूनच वळवावे. पुन्हा सरळ करून बोल्ट आवळल्यावर पुढचे चाक गुडघ्यांमध्ये धरून हँडल पिळून पाहावे. ते चाकाशिवाय फिरले, तर त्या सायकलीवर बसू नये. पेडल काढताना एक गोष्ट हमखास विसरली जाते : डाव्या पेडलचे आटे उलटे असतात आणि ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटते. रोज सायकल चालवणाऱ्याने ही खटपट करू नये. त्याच्यासाठी दुमडणारे पेडल आणि पान्याशिवाय वळणारी मान मिळते. वर्षातून चार महिने सायकल नुसती उभी राहणार असेल, तर मात्र पान्याचे काम सार्थकी लागते.

पुढचे चाक हुकाला अडकवून सायकल उभी टांगणे ही सर्वांत प्रचलित पद्धत. जमिनीवर १७५ × ६० सेंमी. म्हणजे सुमारे १.०५ चौ. मी. अडवणारी सायकल अशी टांगल्यावर साधारण ११० × ६० सेंमी., म्हणजे ०.६६ चौ. मी.मध्ये मावते. एक तृतीयांशाहून अधिक जागा वाचते, पण सायकल भिंतीपासून मीटरभर खोलीत पुढे येते. अरुंद बोळात ती येता-जाता खांद्याला लागते. तिथे दांड्याखाली आधार देऊन सायकल भिंतीला समांतर टांगावी, किंवा दारासारखा बाजूला फिरणारा हूक घ्यावा. दोन सायकली शेजारी टांगायच्या असतील तर एक हूक दुसऱ्यापेक्षा २५-३० सेंमी. वर घ्यावा, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. जमिनीवर ठेवतानाही एकीचे तोंड दुसरीच्या मागच्या चाकाकडे केले की बरीच जागा सुटते.

चाकावर टांगल्याने रिम वाकते ही भीती अनाठायी आहे. स्वाराचे वजन आणि खड्ड्यांचे दणके सोसणाऱ्या चाकाला दहा-पंधरा किग्रॅ.चे ओझे जड नाही. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक असलेली सायकल बरेच दिवस उभी टांगली असेल, तर निघण्यापूर्वी ब्रेक चार-सहा वेळा दाबून पाहावेत. दाब पोकळ लागला तर तेलात हवा शिरलेली असते. कार्बनच्या सांगाड्याचा दांडा मात्र चिमट्यात कधीही आवळू नये. त्याच्या पातळ भिंती बाजूच्या दाबाने चिरडतात.

हुकापेक्षा भिंत महत्त्वाची. नुसत्या गिलाव्यात बसवलेला स्क्रू आज ना उद्या निसटतो. काँक्रीट किंवा भरीव विटेत खोलवर गेलेला विस्तारणारा बोल्ट टिकतो; विटांमधल्या सांध्यात तो बसवू नये. पोकळ ठोकळ्यांच्या भिंतीला त्यासाठीचेच अँकर लागतात. पातळ तक्त्यांच्या भिंतीत आतला उभा आधार शोधून त्यातच स्क्रू घ्यावा. स्विचच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये, कारण तारा बहुधा तिथूनच जातात. खोट्या छताला सायकल टांगणे म्हणजे अपघाताला आमंत्रण; कप्पीने वर ओढून टांगायची असेल तर कप्पी खऱ्या स्लॅबला किंवा तुळईलाच बसवावी. भोक पाडण्याची मुभा नसेल तर जमीन आणि छत यांच्यामध्ये ताणून बसणारा खांब, किंवा भिंतीला नुसता टेकणारा स्टँड वापरावा. लहान मुले असलेल्या घरात टेकवलेला स्टँड वरच्या बाजूला बांधून ठेवलेला बरा. घडीची सायकल हे सगळे प्रश्न मुळातूनच सोडवते : ब्रॉम्प्टन या ब्रिटिश कंपनीची १६ इंची चाकांची सायकल दुमडली की सुमारे ५९ × ५७ × २७ सेंमी. होते आणि टेबलाखाली सरकते.

उंची ठरवताना आपला रोजचा वापर पाहावा. छताखाली चढवलेली सायकल सुबक दिसते, पण उतरवण्याचा कंटाळा येऊ लागला की ती वर्षभर तिथेच राहते. रोजची सायकल जमिनीवर किंवा कमरेइतक्या उंचीवर, क्वचित लागणारी वर, हीच वाटणी योग्य.

भिजलेली सायकल पुसून, चेन कोरडी करून आणि तेलाचा हात फिरवूनच आत घ्यावी. गॅलरीत ठेवायची असेल तर हवा खेळेल असे आच्छादन हवे. घट्ट प्लास्टिकखाली ओल कोंडते आणि गंज लवकर धरतो. ऊन आणि ओझोन यांनी रबराला चिरा पडतात. हवा गेलेल्या टायरवर सायकल महिनोन्‌महिने उभी ठेवली तर टायरच्या कडा दुमडून फाटतात, म्हणून टांगलेली नसेल तर अधूनमधून हवा भरावी.

सामाईक जिना किंवा व्हरांडा हा अनेकांचा पहिला पर्याय असतो, आणि तो टाळायला हवा. तिथे चोराला सवड मिळते, आणि आग लागली तर धुरात चाचपडत उतरणाऱ्यांच्या पायात सायकल येते. दुसरी जागाच नसेल तर सुटकेची वाट मोकळी सोडून, भिंतीत पक्क्या बसवलेल्या पोलादी कडीला सांगाडा कुलूपबंद करावा. नुसते चाक बांधले तर चाक तेवढे उरते.

विजेवर चालणारी सायकल बहुधा २० ते २५ किग्रॅ. भरते; ती भिंतीवर उचलून चढवण्याऐवजी जमिनीवरच ठेवावी. टांगायचीच असेल तर आधी बॅटरी काढावी. लिथियम-आयन बॅटरी फार दिवस वापरायची नसेल तर ३० ते ६० टक्के भरलेली, थंड आणि कोरड्या जागी राहू द्यावी. या बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत न्यूयॉर्क शहरात २०२३ साली १८ जणांचा मृत्यू झाला. बॅटरी तिच्याच चार्जरने, घरातले कोणी जागे असताना आणि बाहेर पडण्याच्या दारापासून दूर चार्ज करावी. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी घरात ठेवूच नये.