‘अप’ नेमका कुठे ठेवायचा?

गोव्यात पेडण्यातला टॅक्सीवाला फोनवर सहज सांगतो, ‘मोपा विमानतळावरनं गेस्ट पिकअप केला, मोरजीला ड्रॉप करून येतो.’ इथे ‘पिकअप’ अखंड आहे, त्याला ‘करणे’ जोडलं की काम झालं. पण हाच दादा पाहुणीशी इंग्रजीत बोलताना ‘आय विल पिक अप यू’ म्हणतो. इंग्रजीत तिथे ‘पिक यू अप’ हवं. मराठीत आलेले ‘चेकआउट’, ‘बॅकअप’, ‘सेटअप’ आपल्याला जोडलेलेच भेटतात. त्यामुळे मूळ भाषेत त्या क्रियापदाचे दोन तुकडे होतात, हे ध्यानातच येत नाही.

अशा जोडक्रियापदांना इंग्रजीत फ्रेझल व्हर्ब म्हणतात. ‘स्विच ऑफ द फॅन’ आणि ‘स्विच द फॅन ऑफ’ दोन्ही चालतं, ‘स्विच ऑफ इट’ मात्र नाही. इंग्रजी वाक्यात नवी, वजनदार माहिती शेवटाकडे सरकते. ‘इट’ किंवा ‘यू’ कोण ते ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून ते आघाताशिवाय मधे दडपलं जातं आणि जोर ‘ऑफ’वर येतो. उलट कर्म लांबलचक असेल, तर ‘ऑफ’ क्रियापदाला चिकटून राहतो. नाहीतर ‘स्विच’ ऐकल्यावर पुढचे आठ-दहा शब्द डोक्यात धरून ठेवावे लागतील. अर्थात ‘लुक आफ्टर हर’ फोडता येत नाही, कारण तिथला ‘आफ्टर’ पुढच्या नामाला बांधलेला आहे. इथे भले भले गडबडतात.

तुकडे झाले तरी मेंदूच्या लेखी हा एकच शब्द असावा. 2010 मध्ये कापेल, श्टिरॉव्ह आणि पुल्फरम्युलर या संशोधकांनी मेंदूतल्या चुंबकीय लहरी मोजल्या. ‘हीट अप’ ही रुळलेली जोडी, ‘कूल अप’ कोणी म्हणत नाही. रुळलेल्या जोड्यांना मेंदूने जास्त जोरदार प्रतिसाद दिला. ओळखीच्या शब्दाला असाच प्रतिसाद मिळतो. व्याकरणाने नुसती जुळवलेली पदं असती, तर उलट चित्र दिसायला हवं होतं.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. ‘बोलून टाकलं’ म्हणजे मोकळा झाला, ‘बोलून गेला’ म्हणजे नकळत निसटलं, ‘बोलून बसला’ म्हणजे आता निस्तरा. यात कोणी काही टाकलं नाही, कोणी कुठे गेलं नाही, बसलंही नाही. ‘ईट अप’मधला ‘अप’ही वर कुठे जात नाही, ताट साफ करतो. आपल्या जोडीतही ‘सांगून तर टाकलं’ अशी फट पडते, फक्त तिथे ‘तर’, ‘सुद्धा’ अशा चिमुकल्या शब्दांनाच प्रवेश.

परक्यांना ही क्रियापदं सगळ्यात जड जातात, असं सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय. 1985 मध्ये इस्राएलमधल्या हिब्रूभाषक विद्यार्थ्यांच्या पाहणीत दिसलं, की ती मुलं अशा जोड्या टाळून एकशब्दी क्रियापदं वापरतात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या मुलाचंही तसंच होत असेल, तर नवल नाही. चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. विझवणे या अर्थाचा पुस्तकातला ‘एक्स्टिंग्विश’ पाठ होतो, बोलण्यातला ‘पुट आउट’ कानावर पडतच नाही.

काही ठिकाणी मात्र आपण हात सैल सोडतो. भारतीय इंग्रजीत ‘कोप अप विथ’ सर्रास चालतं, ‘कीप अप विथ’च्या चालीवर. लंडनमध्ये नुसतं ‘कोप विथ’ म्हणतात.