फोड आला की घट्टा फाटला?

कातळावर चढाई करून खाली उतरलं की आमच्यातला प्रत्येक जण तळहात बघून एकच म्हणतो, "फोड आलाय." पुष्कळदा तो फोड नसतोच, घट्टा फाटलेला असतो. दोन्हींचा उपाय एकमेकांच्या नेमका उलटा आहे, म्हणून फरक कळायला हवा. फोडाची कातडी राखायची असते आणि फाटलेल्या घट्ट्याची साल कापायची असते. आपण बरोबर उलटं करतो: फोड टाचणीनं फोडून वरची कातडी ओढून काढतो आणि लोंबती साल जपून परत चिकटवतो.

फोड हळूहळू येतो. आधी तिथं चुरचुरतं, जागा लाल होते. घासून घासून कातडीचे वरचे थर एकमेकांवरून सरकतात, मध्ये फट पडते आणि तिथं पाणी साठतं. नवख्या, मऊ हातांना फोड लवकर येतो. घामेजलेल्या हातांनाही येतो, कारण दमट कातडी दगडाला आणि दोराला जास्त धरते. मराठवाड्यात मार्च लागला की आम्ही उजाडतानाच चढाई उरकतो ती उन्हासाठी, पण त्यात हातांचाही फायदा आहे. घाम शोषायला मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पावडर (चढाईचा चॉक) मदत करते.

घट्टा ही वेगळी गोष्ट. रोजच्या दाबानं कातडी जाड होते. कोयता धरणाऱ्या ऊसतोड कामगारांचे हात बघा. ते हाताचं चिलखतच आहे. पण कातळावर चढताना बोटांच्या मुळाशी असलेल्या घट्ट्याची उंच कड बसाल्टच्या धारेत अडकते आणि अख्खा घट्टा एका झटक्यात उलटतो. एका बाजूनं साल लोंबते, खाली गुलाबी, ओली, झोंबणारी जागा. रक्तही येतं.

फोड छोटा असेल, फार दुखत नसेल तर त्याला हातच लावू नका. खालची जागा बाहेरच्या मातीपासून झाकलेली असते, त्या कातडीइतकी चांगली पट्टी दुसरी नाही. फोड मोठा आणि ठणकणारा असेल तर हात साबणानं धुवा, सुई स्पिरिटनं पुसा, फोडाच्या कडेला छोटं भोक पाडून पाणी काढा. वरची कातडी तशीच राहू द्या, तिच्यावर पट्टी बांधा. रक्ताचा फोड तर तसाच सोडावा.

घट्टा फाटला की आधी वाहत्या पाण्यानं आणि साबणानं नीट धुवा, सालीखालची मातीसुद्धा. झोंबतं, पण हे टाळू नका. रक्त थांबेपर्यंत स्वच्छ कापड दाबून धरा. मग लोंबती मेलेली साल स्वच्छ कात्रीनं मुळाशी कापा, ओढू नका. ती ठेवली तर पुढच्या पकडीत पुन्हा अडकते आणि जिवंत कातडी फाडते. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि पट्टी, रोज बदलायची. उघड्या जखमेवर हळद, चुना, टूथपेस्ट काही नको. साल जाड, खोलवर फाटलेली आणि मुळाशी जिवंत असेल, किंवा रक्त थांबत नसेल, तर कापू नका, डॉक्टरकडे जा.

अंबाजोगाईजवळच्या बालाघाटात एका मित्राची साल मी स्वतः दाबून परत बसवली होती, वर चिकटपट्टी. तिसऱ्या दिवशी खाली पू झाला. न धुता झाकलं, ही चूक माझी.

दोर सरकून तळहात भाजला असेल तर ते तिसरंच प्रकरण: २० मिनिटं थंड वाहत्या पाण्याखाली धरा, बर्फ नको.

लाली पसरत गेली, लाल रेघ मनगटाकडे चढली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. मधुमेह असेल तर वाट बघूच नका. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला ५ वर्षांहून जास्त झाली असतील तर तेही विचारून घ्या.

घट्टा फाटूच नये म्हणून घरातली वजरी पुरते. आंघोळीनंतर कातडी मऊ असताना घट्ट्याची उंच कड हलकेच घासून आजूबाजूच्या कातडीला सपाट करायची. पूर्ण घालवायचा नाही, नाहीतर खालची मऊ कातडी पुन्हा फोडांना मोकळी. झोपताना थोडं खोबरेल. आणि बरी झालेली जागा अंगठ्यानं जोरात दाबली तरी दुखत नाही, तोवर दगडाला हात लावायचा नाही.