ओहोटीपासून सुरू होणारी हद्द

गेटवेवरून लाँचने निघालं की तासाभरात घारापुरी येते. लेणी पाहून परतणाऱ्या बहुतेकांना ती मुंबईतच आहेत असं वाटतं. पण घारापुरीचा जिल्हा रायगड, तालुका उरण. बेटाची सोय एकीकडे आणि सातबारा दुसरीकडे, असं जगभर दिसतं.

मुळात बेटाचा काठ कुठे धरायचा? हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते, ओहोटीला मोकळी होते. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो, आणि सपाट खडकाळ किनाऱ्यावर तेवढ्यात पाणी बरंच आत-बाहेर सरकतं. म्हणून १९८२ च्या सागरी कायदा कराराने नियम घातला: समुद्रातल्या हद्दीची मोजणी साधारणपणे ओहोटीच्या रेषेपासून. बेट ठरण्याची अट मात्र उलटी. जमीन नैसर्गिक हवी आणि भरतीतही पाण्यावर राहायला हवी.

एवढी काटेकोर व्याख्या लागते, कारण तिच्यामागे प्रचंड समुद्र असतो. खोल समुद्रातल्या एकट्या, वस्तीयोग्य बेटाभोवती देशाच्या हक्काचं २०० सागरी मैलांचं वर्तुळ काढा: सुमारे ४.३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून मोठं क्षेत्र. ज्या खडकावर माणूस राहूच शकत नाही, त्याला फक्त १२ मैल.

पण मोजणीने सगळं सुटत नाही. बाल्टिक समुद्रातल्या ओलांड बेटांवर स्वीडिश बोलणारे लोक राहतात. आपली बेटं स्वीडनमध्ये सामील व्हावीत, अशी त्यांची इच्छा होती. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने बेटं फिनलंडकडे ठेवली, मात्र भाषा आणि जमीन यांना संरक्षण देऊन. आज ओलांडला स्वतःची विधानसभा आहे, आणि बाहेरच्याला तिथे सहजासहजी जमीन घेता येत नाही.

या प्रदेशाच्या पश्चिम टोकाला मॅर्केत नावाचा जेमतेम साडेतीनशे मीटर लांबीचा खडक आहे. १८०९ पासून सरहद्द त्याच्या मधोमध जात होती. १८८५ मध्ये रशियन अमलाखालच्या फिनलंडने तिथे दीपगृह बांधलं, ते नेमकं स्वीडनच्या अर्ध्यात. शंभर वर्षांनी, १९८५ मध्ये, दोन्ही देशांनी तोडगा काढला. खडकावरची रेषा नागमोडी केली. दीपगृह फिनलंडकडे आलं आणि तेवढीच जमीन स्वीडनला मिळाली. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती रेषेची दोन टोकं: पाण्याला जिथे भिडत होती, ती तिथेच ठेवली. ती हलली असती, तर समुद्रातली हद्द सरकली असती आणि मच्छीमारांचे हक्कही.